गुंड्याचा वचपा

नणंद पाय मोडून घरी आली, तेव्हा वहिनीला इतका आनंद झाला की तो लपवायला तिला स्वयंपाकघरात जावं लागलं.

तशी ही बाई दुष्ट नव्हे हो. बेकरीत कामाला, गिऱ्हाइकांशी गोड, शेजारणीच्या अडीअडचणीला धावणारी. पण गुंड्याचं नाव निघालं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. गुंड्या म्हणजे लेकीचा गिनी पिग. नवरा ट्रक घेऊन खेपेवर असताना वडील आजारी म्हणून वहिनी लेकीला घेऊन माहेरी गेली, तेव्हा समोरच एकट्या राहणाऱ्या नणंदेला किल्ली दिली आणि बजावून सांगितलं, "ताई, गवत कायम समोर हवं. रोज ढोबळी मिरचीचा तुकडा. बाकी काही घालू नका."

"अगं, उंदराएवढा तर जीव! तू निर्धास्त जा," नणंद म्हणाली.

परत आल्या तर गुंड्या गेलेला. पोट फुगून टम्म. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, गवत मिळालं नाही की यांचं आतडंच थांबतं. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात पावाचा चुरा होता, त्यावरून वहिनी काय ते समजली. पण तोवर नणंदबाईंनी पोरीला जवळ घेऊन सांगून टाकलं होतं, "तुझ्या आईनेच जाताना नको ते खाऊ घातलं असणार, बाळा." चोर तो चोर, वर शिरजोर! आणि पोरीचा आत्यावर भारी विश्वास. पुढे बापाने नवं पिल्लू आणून दिलं, मुठीत मावेल एवढं, आणि स्वतः पुन्हा ट्रक घेऊन लांबच्या खेपेला गेला. पोरगी आईला त्या पिल्लाला हात लावू देईना. "आई, तू लांबूनच बघ हं." मिरची आईने आणायची, बिया काढून चिरायची, गवत झटकून द्यायचं, आणि भरवायचं मात्र लेकीने. स्वतःच्या घरात, स्वतःच्या लेकीसमोर, ती खुनी होऊन वावरत होती.

म्हणून म्हणते, आनंद झाला तर काय चुकलं?

प्लास्टर घातलेली नणंद बाहेरच्या खोलीत, पिंजऱ्याला लागून असलेल्या पलंगावर आडवी झाली. वहिनीने सकाळी चहासोबत पाव दिला. दुपारी पाव. रात्री पाव. बेकरीत उरलेला आयता यायचाच.

"अगं, एखादी भाजी?" नणंदेने विचारलं.

"पडून राहणाऱ्याला हलकंच बरं, ताई."

तिथेच, तिच्या डोळ्यांदेखत, पिल्लाची बडदास्त चालायची. हिरवंगार गवत, मिरची, काकडीची चकती, लेकीने पोटाखाली दोन्ही हात घालून अलगद उचलणं. फ्रिजचं दार वाजलं की पिल्लू शिट्ट्या मारायचं आणि नणंद आवंढा गिळायची. वहिनी दारातून बघायची. जिवाला असं गार गार वाटायचं की काय सांगू!

चौथ्या दिवशी लेक शाळेतून आली, तर आत्या पलंगावरून अर्धी लोंबकळत, हात पिंजऱ्यात, तोंडात मिरची. पिल्लू आकांत करत होतं.

"आत्या! त्याची मिरची खातेस?"

"मग काय करू?" नणंदेला रडूच फुटलं. "चार दिवस नुसता पाव! पोटाचा दगड झालाय माझ्या. नुसत्या पावावर कुणी जगतं का?"

पोरगी दप्तर पाठीवर तसंच ठेवून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "गुंड्याला तू काय घालत होतीस?"

नणंदेचं तोंड हलायचं थांबलं. वहिनी चिरायची सुरी हातात घेऊन दाराआड उभी होती. बोल, भवाने, बोल एकदाचं!

"पाव," नणंद म्हणाली. "गवत माळ्यावर होतं. कोण चढणार गं रोज?"

"मग आईचं नाव का घेतलंस?"

"तू किती रडत होतीस. मला वाटलं, आता तू माझ्याकडे यायचीच नाहीस."

पोरीने पिल्लू उचललं, आईजवळ आली, तिच्या हातातली सुरी काढून घेतली आणि ते तिच्या ओंजळीत ठेवलं. एवढासा ऊबदार जीव, त्याचं काळीज तिच्या बोटांवर धडधडत होतं. तिला भरून आलं. झालं, मनातलं सगळं झालं! आता उगाच कशाला ताणायचं? म्हाताऱ्या हाडांची बाई ती, नवऱ्याची सख्खी बहीण.

"बाळा, याला घेऊन बस," ती डोळे पुसत म्हणाली. "मी आत्याला गरम भात-भाजी करते."

पण लेक आधीच स्वयंपाकघरात शिरली होती. पिशवीतून तिने कालचा पाव काढला, ताटलीत नीट मांडला आणि पाण्याचा पेला भरला.

"तू नको येऊस आई," ती म्हणाली. "ताटली मी नेते. तुला तिची दया येईल."