कोरडा म्हटलेला धडा

मित्रांनो, खुर्चीच्या पाठीला लटकलेला, एका कानाचा स्पंज उडालेला, पुढे माइकची वाकडी दांडी असलेला जो जुना हेडफोन दिसतोय ना, तो मी. हसा खुशाल. पण मी जे ऐकलंय ते तुमच्या घरातल्या कुठल्याही वस्तूने ऐकलेलं नाही, आणि ऐकून गप्प बसायची शिक्षाही माझ्याएवढी कुणी भोगलेली नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. लांब बाकापाशी बसलेल्या एका बाईने माझ्या केसाएवढ्या तारांना डाग दिला, माइकमध्ये फुंकर मारून बघितली आणि मला खोक्यात घातलं. तिथून दुकानात, दुकानातून या घरात. मला आणलं ते या घरच्या आईने. ती एका कंपनीत संगणकावरचे धडे बनवायची. कामगाराने पडद्यावर चित्र बघायचं, आवाज ऐकायचा, प्रश्नाचं उत्तर द्यायचं. याला ई-लर्निंग म्हणतात, आणि असे धडे बनवायला वेगळं सॉफ्टवेअर असतं. ते शिकताना तिचे फार हाल झाले होते. "सगळे मेले मधूनच सुरू करतात," ती म्हणायची. "मुळाक्षरं कुणी गिरवून घेतच नाही." म्हणून अगदी नवख्या माणसांना ते सॉफ्टवेअर शिकवणारे धडे ती घरी बसून बोलायची आणि इंटरनेटवर फुकट ठेवायची.

तिची एक रीत होती. मला डोक्यावर चढवून धडा आधी नुसता म्हणायचा, रेकॉर्डिंग बंद ठेवून. याला ती 'कोरडं म्हणणं' म्हणायची. मग बटण दाबून पुन्हा. बोलता बोलता चुकली तर चूक तशीच ठेवायची. "मास्तरणीचंही चुकतं हे कळलं, की शिकणारा पळून जात नाही." प्रत्येक धड्यात मध्येच म्हणायची, "आता तुम्ही करून बघा. मी थांबते." आणि खरंच थांबायची. तेवढा वेळ माझ्यात फक्त तिचा श्वास. लोक तिला ताई म्हणून लिहायचे, आशीर्वाद द्यायचे. माझं नाव कुणी काढलं नाही. असो. जेवण चांगलं झालं म्हणून पातेल्याच्या पाया कुणी पडत नाही.

एका दुपारी तिने एक धडा कोरडा म्हटला. उत्तर चुकलं तर शिकणाऱ्याला पुढे न सोडता मागे कसं न्यायचं, त्याचा. अथपासून इतीपर्यंत, एकदाही न अडखळता. मग "पाणी पिऊन येते" म्हणून मला खुर्चीला लटकवलं. स्वयंपाकघरात ती पडल्याचा आवाज आला. नवऱ्याने तिला दवाखान्यात नेलं. परत आला तो एकटाच. तो धडा रेकॉर्ड झालाच नाही. ऐकलेला मी एकटा.

पुढची कितीतरी वर्षं मी खणात होतो. मेलेले सेल, तुटके चार्जर, असली सोबत. माझा स्पंज पिठासारखा झडला. मित्रांनो, माझ्यात काही साठत नाही. मी म्हणजे तार आणि प्लास्टिक. तरी त्या अंधारात तो धडा माझ्यात कुठेतरी चालूच असायचा.

तिची मुलगी आता रुग्णालयात सिस्टर आहे. घरी येऊन ती बापाला जे सांगायची, ते मला खणातही ऐकू यायचं. वापरलेल्या सुया कुठल्या डब्यात टाकायच्या, हे ती सफाईच्या नव्या माणसांना तोंडी शिकवायची. एका मावशीला तिने विचारलं, "कळलं ना मावशी?" मावशीने मान हलवली. कळलं नव्हतं. मावशीने सुया साध्या पिशवीत टाकल्या आणि पिशवी दाबताना तिलाच एक टोचली. तिच्या रक्ताच्या तपासण्या सुरू झाल्या. मेट्रनबाईंनी सांगितलं, "सोमवारी नवी माणसं येतायत. तोवर संगणकावर धडा करा." मुलीला एकच हवं होतं: न कळलेल्या माणसाला नुसती मान हलवून पुढे जाता येऊ नये.

सॉफ्टवेअर मिळालं, पण शिकवणार कोण? तिचा हेडफोन बंद पडलेला, म्हणून मला खणातून उपसलं आणि ती शोधायला बसली. 'अगदी नवशिक्यांसाठी' म्हणून उघडलं, तर जाहिरात. दुसऱ्यात एक गडी भरधाव सुटलेला. "हे तर तुम्हाला येतच असेल," म्हणाला. येत असतं तर तुझं तोंड बघायला आली असती का रे? तिसऱ्यात आवाजच नाही, नुसता बाण फिरतोय, घरात शिरलेल्या माशीसारखा. मग तिने आणखी खालचं एक उघडलं.

"आधी घाबरायचं नाही. बटण दाबलं म्हणून घर पेटत नाही."

जो आवाज माझ्या तोंडाने आत गेला होता, तो माझ्याच कानांतून बाहेर येत होता. मुलीने मला ओरबाडून काढलं, वायर उपटली गेली, आणि आवाज संगणकातून खोलीभर झाला. "अहो, दूध बघा, उतू जाईल!"

"बघतो, बघतो!" स्वयंपाकघरातून बाप म्हणाला.

मग तो दारात आला, हात ओले. गॅसवर दूध नव्हतंच.

"बंद कर ते," तो म्हणाला.

"बाबा, मला शिकायचंय."

"दुसरं कुणी शिकवत नाही का?"

"नाही ना. सगळे मधूनच सुरू करतात."

बाप स्टुलावर टेकला. "मग आवाज थोडा मोठा कर."

दोघं ऐकत बसली. "मी थांबते," असं आलं की खोलीत तिचा श्वास तेवढा चालू राहायचा. मुलगी करून बघायची. बाप पडद्याकडे नाही, दाराकडे बघायचा.

शेवटी आवाज म्हणाला, "उत्तर चुकलं तर काय करायचं, ते पुढच्या धड्यात." पुढचा धडा नव्हता. खाली लोकांनी लिहिलेलं: ताई, पुढचा कधी? मुलीने मला परत जोडलं, डोक्यावर घातलं आणि सगळीकडे शोधलं. मी तिच्या कानाला चिकटलेला, सगळा धडा मला पाठ, आणि सांगता येईना. जळो हा जन्म!

मग तिने शोधणं सोडलं आणि मुद्दाम चुकीची बटणं दाबत सुटली.

"मोडलंस ना?" पडदा पांढरा झाला तसा बाप म्हणाला.

"मोडू दे. घर पेटत नाही."

अखेर तिच्या धड्यात चुकीच्या उत्तराबरोबर चित्र मागे गेलं, पुन्हा सुयांच्या डब्यांपाशी. मग तिने माइक तोंडापुढे ओढला आणि रेकॉर्डिंगचं बटण न दाबता सगळा धडा आधी कोरडा म्हटला. ही रीत तिला कुणी सांगितली नव्हती. माझ्या तारा गार पडल्या.

सोमवारी मला सोबत नेलं. नव्या माणसांच्या आधी सुई टोचलेली मावशीच हट्टाने बसली. चुकली. धड्याने मागे नेलं. पुन्हा चुकली.

"हे मेलं मला पुढे जाऊच देईना!" मग तिला कळलं, आणि बरोबर आलं. तिने मला हळूच उतरवलं.

"सिस्टर, यात बोलतंय कोण?"

"मीच, मावशी."

"काहीतरीच! तुमचा आवाज मी रोज ऐकते. ही कुणी मोठी बाई आहे. एवढी चुकले, पण वैतागली नाही हो."

सिस्टरने मला स्वतःच्या कानाला लावलं, आणि बराच वेळ काढलंच नाही.

मित्रांनो, मला वायरीला धरून ओढू नका, एवढं केलंत तरी पुष्कळ. आणि कळलं नसेल तर मान हलवू नका. विचारा. शिकवणारी वैतागली तर वैतागू दे. मान हलवली की माणूस फसतो. सुई फसत नाही.