गाडीत सीट नाई

रत्नदीपने माझ्या गाडीची चावी नेली, तेव्हा मी त्याच्याचसाठी पुऱ्या तळत होते. विचारलं नाही, सांगितलं नाही. पुण्याला पोचल्यावर फोनवर म्हणाला, "आई, आता तुयं वय झालं. परवा खांबाले घासली, उद्या माणसाले घासशीन. दोनी चाव्या मायाजवळ हायेत."

जाम गावच्या चौरस्त्यावर गाडीचं दार खांबाला जरा चाटून गेलं होतं, एवढंच. आयुष्यभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, नवरा गेल्यावर हिंगणघाट ते नागपूर एकटीने गाडी चालवली, आणि पोटच्या पोराने मला हातात काड्यापेटी सापडलेल्या लेकरासारखं वागवलं. त्या दिवशी मी रडले. मग राग आला, आणि रागात मला नेहमीच बरं सुचतं.

त्याचा जुना कॉम्प्युटर घरात धूळ खात पडला होता. त्यात गाड्यांच्या शर्यतीचा खेळ होता. खेळून पाहिला, तर नुसती बोटं हलतात, अंगाला काही कळत नाही. वळण आलं की कंबरेला कळायला हवं, ब्रेक दाबला की छाती पुढे जायला हवी. इंटरनेटवर पाहते तर देशोदेशीचे उद्योगी लोक घरच्या घरी हलती खुर्ची बनवत होते. मग मला काय धाड भरली होती?

हरिदास माझा जुना विद्यार्थी, वेणा नदीच्या पुलाजवळ गॅरेज चालवतो. त्याच्याकडून लोखंडी अँगलची चौकट जोडून घेतली. मधोमध भंगारातल्या जीपचा जॉइंट, म्हणजे बैठक चहूबाजूंना झुकते. मागे ती हलवायला वायपरच्या दोन मोटारी आणि खेळातल्या गाडीप्रमाणे त्यांना हुकूम सोडणारं तळहाताएवढं सर्किट, ते मी जुळवलं. आता बसायची जागा तेवढी राहिली.

"मॅडम, भंगारातली एखादी सीट आणतो," हरिदास म्हणाला.

"भंगारातली काऊन? मायी सीट पोर्चमंधी उभी हाये."

तो घाबरला. "रत्नदीपभाऊ काय म्हणतीन?"

"गाडी कोणाच्या नावावर हाये?"

"तुमच्या."

"मंग पाना काढ."

काचेच्या फटीतून लोखंडी पट्टी घालून त्याने गाडीचं दार उघडलं. सीट, स्टेअरिंग, पेडल, सगळं बैठकीच्या खोलीत आलं. गाडीवर कव्हर घालून टाकलं.

पहिल्या चाचणीला हरिदासला बसवलं. माझ्याकडून मोटारींच्या तारा उलट्या जोडल्या गेल्या होत्या. त्याने ब्रेक दाबला आणि पुढे झुकायच्या ऐवजी पाय वर करून उताणा पडला. "मॅडम, हे तं उलटं होऊन राह्यलं!" तारा बदलल्या आणि मी स्वतः बसले. पहिलं वळण कंबरेला कळलं, तेव्हा मी मोठ्याने ओरडले. किती महिन्यांनी गाडी चालवत होते मी!

दिवाळीत रत्नदीप आपल्या नव्या गाडीतून आला. वाटेत वर्ध्याहून महादेवराव नावाच्या दुकानदाराला उचलून आणलं होतं.

"हे तुयी गाडी घेऊन राह्यले," तो म्हणाला. "अन् तू चाल मायासंग पुण्याले. अठी एकटी काय करतं?"

म्हणजे गाडीही गेली आणि घरही. पुण्यात त्याच्या बाल्कनीत तुळशीशेजारी मला ठेवणार होता. मी म्हटलं, "पाहून घ्या गाडी."

महादेवरावांनी कव्हर काढलं, आत डोकावून डोकं खाजवलं. "भाऊ, गाडीत सीट नाई." परत वाकून पाहिलं. "स्टेअरिंगबी नाई."

रत्नदीप तरातरा घरात आला आणि खोलीतलं प्रकरण पाहून त्याचं तोंडच उतरलं. "आई, लोक काय म्हणतीन? या वयात पोरांचा खेळ?"

"पोरांचा हाये नं? मंग बस."

महादेवराव पाहत होते म्हणून बसला. या यंत्रावर पहिल्यांदा बसणारा हमखास ठोकतो. मला ठाऊक होतं, पण सांगायला मी काही त्याची शिक्षिका नव्हते. पहिल्याच वळणावर भिंतीवर गेला. बैठकीने त्याला असं आदळलं की त्याचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. दुसऱ्यांदा खड्ड्यात गेला. तिसऱ्यांदा गाडी पालथी. महादेवरावांचा चहा हसून हसून बशीत सांडला.

तो घामाघूम होऊन उतरला. "हे काही खरं नाई."

"नसन. पण मी खांबाले घासली तं तू चावी नेली. तू तं मायासमोर तीनदा ठोकली." मी हात पुढे केला. "तुया गाडीची चावी दे."

"आई, गंमत पुरे झाली."

"मी गंमत नाई करून राह्यली. मले इच्यारलं नाई तू. मी तं मागून घेऊन राह्यली."

मी हात मागे घेतला नाही. आधी तो माझ्याकडे रागाने पाहत होता, मग नुसताच पाहत होता. शेवटी चावी माझ्या हातावर ठेवली.

मी चपला घातल्या, त्याच्या नव्या गाडीत बसले, सीट माझ्या पायांच्या मापाने पुढे ओढली आणि काच खाली केली.

"महादेवराव, बसा समोर. तुमाले वर्ध्याले सोडून येऊ. रत्नदीप, तू मांगं बस."