तापलेल्या यंत्रापुढे एक जपानी पुठ्ठा

मित्रांनो, मी जपानमधला एक जुना गोल पुठ्ठा आहे. तुमच्या तळहातावर आरामात मावेन. माझ्या पोटावर बेसबॉलची बॅट उगारलेला एक खेळाडू छापलाय. आम्हांला तिकडे मेन्को म्हणत. पोरं आम्हांला जमिनीवर दाणकन आपटायची. आपल्या दणक्यानं दुसऱ्याचा पुठ्ठा उलटला, की तो आपला! मार खूप खाल्ला, पण भीती कधी वाटली नाही. आपटून घेणं हे माझं कामच होतं.

पुढे पोरं मोठी झाली आणि मी एका बंद दुकानातल्या डब्यात कितीतरी वर्षं पडून राहिलो. तिथून मला मिळवलं कॅनडातल्या कोक्विटलामच्या ऊर्मीनं. दिवसा ती घरीच वरच्या मजल्यावर कॉम्प्युटरवर काम करते आणि संध्याकाळी बेसमेंटमध्ये आमच्यासारखी जुनी कार्डं घेऊन बसते. हात धुऊन, कोरडे करून, आम्हांला फक्त कडेनं धरते. माझ्या शेजारच्या कप्प्यात माझ्याच खेळाडूचा एक स्टिकर होता, कधीच न चिकटवलेला. तसा दुसरा तिला कुठंही सापडला नव्हता. शनिवारी ती आम्हां दोघांना व्हँकुव्हरच्या संग्राहकांना दाखवायला नेणार होती.

शुक्रवारी दुपारी मात्र आमचा ड्रॉवर उघडला तो तिच्या सासऱ्यांनी. जनार्दनराव नागपूरहून आलेले, स्वभावानं अगदी देवमाणूस. पण महत्त्वाचा कागद दिसला की त्यांना तो लॅमिनेट केल्याशिवाय चैन पडत नाही. मॅट्रिकचं सर्टिफिकेट, रेशनकार्ड, एवढंच काय, लग्नाची पत्रिकासुद्धा!

"पोरगी एवढं जपते आणि साधं लॅमिनेशन नाही केलं!" असं पुटपुटत त्यांनी मराठी मंडळाचे बिल्ले लॅमिनेट करायचं, तिथंच ठेवलेलं यंत्र काढलं. दिवा लाल झाला, मग हिरवा झाला. बापरे, काय ती धग!

आधी स्टिकर गेला. पलीकडून बाहेर आला तेव्हा त्याचा जुना डिंक वितळून खेळाडूच्या तोंडावर पसरला होता. मी हाका मारल्या. तो बोलेना. जनार्दनरावांचा चष्मा वरच्या मजल्यावर, टेबलावर राहिलेला. त्यांना तो नुसता चकचकीत दिसला.

"झकास! आता हा जाडोबा."

त्यांनी मला प्लास्टिकच्या पाकिटात सरकवलं. माणसांना ऐकू जाईल असं मला ओरडता येत असतं तर अख्खी गल्ली गोळा झाली असती. पाकिटाची कड यंत्रात शिरली, चुर्र वाजलं, आणि जिन्यावर पावलं धावली.

"बाबा, थांबा! बंद करा ते!"

ऊर्मीनं पाकीट मागे खेचलं. मला बाहेर काढून ती कितीतरी वेळ फुंकर घालत राहिली. जनार्दनरावांनी हौसेनं स्टिकर पुढे केला.

"हा बघ, आता शंभर वर्षं काही होत नाही याला."

ऊर्मीचे डोळे भरून आले. "बाबा, तो आता या प्लास्टिकमधून कधीच बाहेर निघणार नाही."

"अगं, मला वाटलं..." ते तिथंच पायरीवर बसले. तिला फार राग आला होता, तरी ती त्यांच्या शेजारी बसली.

दुसऱ्या दिवशी ऊर्मी मला घेऊन निघण्याआधी ते माझ्यापाशी आले, हात मागे बांधून. "ऊर्मी, याला कसं धरायचं ते शिकव मला." त्यांनी हात धुतले, दोनदा पुसले. तिनं मला त्यांच्या बोटांत कडेनं ठेवलं. कालचेच हात ते! मी जीव मुठीत धरला. पण त्यांची बोटं माझ्यापेक्षा जास्त कापत होती.

मित्रांनो, कुणाची जुनी वस्तू जपावीशी वाटली, तर आधी तिच्या माणसाला विचारा. आणि हात लावताना थोडे घाबरा. यंत्रातून सुटल्यावर त्या घाबरलेल्या बोटांत मला पहिल्यांदा धीर वाटला.