फ्रेंचच्या बाई

सुनेत्राने देवीनाच्या कपाळावरची टिकली नखाने अलगद सोडवली आणि स्टाफरूमच्या आरशाला चिकटवली.

"कल से फिर लगा लेना. आज पैरेंट्स को फॉरेनर देखनी है."

देवीना हसली. गुडघ्यापर्यंतचा निळा फ्रॉक, मोकळे सोडलेले केस. एवढं करूनही ती रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडवर उभी राहिली असती, तर कुणी वळून पाहिलं नसतं.

अडचण नेमकी हीच होती. दिल्लीच्या द्वारका भागातल्या या नव्याकोऱ्या शाळेने 'परदेशी शिक्षक' असे फलक मेट्रोच्या खांबाखांबांवर लावले, फीही त्याच तोऱ्यात घेतली. आणि फ्रेंच शिकवायला मॉरिशसहून आली ती ही देवीना राघू. हिचे खापरपणजोबा उसाच्या मळ्यांत राबायला कोकणातून तिकडे गेलेले. घरात गणपती बसतो, आणि फ्रेंचइतकंच मराठीही बोललं जातं. पासपोर्ट परदेशी, चेहरा मात्र घरचा. पालकांनी कुरकुर सुरू केली. चेअरमन राजीव सेठी मूळचे बिल्डर. इटालियन मार्बल सांगून कोटा फरशी बसवली की गिऱ्हाईक ओरडतंच, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

देवीनाचा व्हिसा शाळेच्या नोकरीवर. मुदत सोमवारी संपत होती आणि ती वाढवायला शाळेचं पत्र लागत होतं.

"ओपन डे ठीक हो जाए, पैरेंट्स खुश, तो लेटर दे देंगे," सेठी म्हणाले होते.

पत्र नाही मिळालं तर थेट विमान. तिकडे बाप कामाला होता तो साखर कारखाना बंद पडला होता आणि घर हिच्या पगारावर चाललं होतं.

गंमत म्हणजे पत्रावर सही करायची ती शाळेचं ऑफिस सांभाळणाऱ्या सुनेत्रानेच. सेठी सदा दुबईला, म्हणून परदेशी नागरिकांच्या नोंदणी ऑफिसात शाळेतर्फे तिचीच सही दिलेली. पण त्यांना विचारल्याशिवाय तिने शिपायाच्या रजेच्या अर्जावरही कधी सही केली नव्हती. पुण्याची ही बाई शाळेत हिंदी-इंग्रजीशिवाय बोलत नसे. साहेबांच्या मर्जीतली माणसं आपल्या गावाचं फार नाव काढत नाहीत, हे तिने दिल्लीत आल्या आल्याच हेरलं होतं.

हॉल भरला. देवीना फ्रेंचमधून अशी काही बोलत होती की मुलांच्या आया माना डोलावत होत्या. सेठींच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. सुनेत्राचा जीव भांड्यात पडला.

तेवढ्यात नऊवारीतल्या एक आजी गर्दीत चाचपडू लागल्या. मुलाकडे, जयदीपकडे, साताऱ्याहून नुकत्याच आलेल्या चंद्रप्रभाबाई. जयदीप पलीकडे स्विमिंग पूलची चौकशी करण्यात गुंग होता.

"बाई, परसाकडं कुठं जायचं हो?" त्यांनी एकीला विचारलं.

"आंटी, पानी?" तिने ग्लास आणून हातात दिला. आजी पाण्याकडे बघून आणखीच कावऱ्याबावऱ्या झाल्या. दुसऱ्या कुणी खुर्ची दिली. त्यांनी शिपायाला विचारलं. त्याने दुसरा ग्लास आणला. म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं.

सुनेत्रा चार पावलांवर, सेठींच्या शेजारी उभी होती. तिने सगळं ऐकलं. शब्द न् शब्द कळला. हॉलच्या त्या टोकाहून देवीना एकटक तिच्याकडे बघत होती. तुम्ही जा ना, असं ते बघणं होतं.

सुनेत्राने गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं आणि खाली बघून माहितीपत्रकं नीट रचू लागली.

देवीनाचं फ्रेंच अर्ध्यावर थांबलं.

"आजी, या माझ्यासंगं. हात धरा."

म्हातारीने तो हात असा पकडला की सोडायचं नाव नाही. "माझी बाय गं," म्हणत ती तिच्याबरोबर निघाली. मागे कुणीतरी खुदकन हसलं.

"अरे, ये तो मराठी है यार!"

सेठी आवाज चढवणाऱ्यातले नव्हते. पुढच्या पालकांकडे वळता वळता ते हलकेच म्हणाले, "सुनेत्राजी, लेटर रहने दीजिए. मंडे को इनका हिसाब कर दीजिए."

"जी सर," सुनेत्रा म्हणाली. तिला स्वतःची लाज वाटली, आणि "जी सर" किती सहज तोंडातून गेलं याची त्याहून जास्त.

दुपारी शाळा रिकामी झाल्यावर देवीना ऑफिसात आली. कपडे बदलले होते. आरशावरची टिकली पुन्हा कपाळावर होती.

"ताई, इथं शिकवलं एवढं तरी लिहून द्याल? तिकडे दुसरी नोकरी बघायला लागेल."

"बस," सुनेत्रा मराठीत म्हणाली. या ऑफिसात पहिल्यांदाच.

तिने तयार करून ठेवलेलं पत्र पुढे ओढलं, मुदतवाढीचं. सोमवारनंतर कुणाचा हिशेब होणार, याचा अंदाज तिला होता. तिने सही केली, शिक्का मारला आणि शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घातली.

देवीनाने पत्र वाचलं. पुन्हा वाचलं.

"सरांना विचारलंत?"

"आजींना घेऊन गेलीस, तेव्हा तू कुणाला विचारलं होतंस?"