ओयेलारान बाबांच्या आवाजाचं लोटांगण

ओयेलारान बाबा एका जागी बसणारे गृहस्थ कधीच नव्हते. इबादानच्या रेडिओवर त्यांनी सारी हयात संध्याकाळच्या योरुबा भाषेतल्या बातम्या वाचल्या, त्याही उभ्याने. निवृत्तीनंतर ते घरात इतक्या येरझारा घालू लागले की त्यांच्या बायकोने, म्हणजे त्यांच्या मुलाच्या, दायोच्या आईने, मधलं टेबल भिंतीला लावून त्यांना रस्ता मोकळा करून दिला. माणूस बदलत नाही, फर्निचर हलवता येतं, असं तिचं संसाराचं सूत्र होतं.

अशा माणसाकडे त्यांची पुतणी इरेती एक दिवस आवाज मागायला आली. ती फोनला योरुबा शिकवणाऱ्या एका कंपनीत होती.

"मोठे बाबा, फोन आपली भाषा बोलतो, पण ऐकवत नाही. आपलं सगळं बोलणं सुरांवर चालतं आणि हा मेला एका सुरात बोलतो. दाढ काढायला बसल्यासारखा."

बाबांनी तो ऐकला आणि त्यांचीच दाढ ठणकली. मग भिंतींना गाद्या ठोकलेल्या एका खोलीत त्यांनी कित्येक आठवडे वाक्यं वाचली. पावसाची, बाजारभावाची, औषधाच्या गोळ्यांची आणि नमस्कारांची. नमस्कार तर संपता संपेनात. कामात असलेल्याला वेगळा, नुसत्याच बसलेल्याला वेगळा, उन्हातून आलेल्याला वेगळा.

फोन बोलू लागला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना तो निरोप वाचून दाखवी. तिकडे इसेयिनला बाबांची थोरली बहीण इया आबेजे डोळ्यांनी अधू झाली होती. ती रोज सकाळी फोनला सांगायची, "माझ्या अकांबीला लाव," आणि फोन लावायचा. अकांबी हे बाबांचं लाडाचं नाव. त्या नावाने त्यांना हाक मारणारं आता जगात एवढं एकच माणूस उरलं होतं.

बोंब झाली ती अकारा तळणाऱ्या बाईच्या कढईपाशी. बाबा सकाळचे गरम वडे घ्यायला रांगेत उभे होते. पुढे टायरवाल्याकडचं एक पोरगं. त्याने खिशातून फोन काढून उघडला, आणि फोनमधून खुद्द बाबांचा आवाज आला, अदबीने, जवळजवळ कमरेत वाकून:

"सकाळचा नमस्कार घ्यावा. रात्र सुखाची गेली ना आपली?"

आता आधी नमस्कार कोण करतं? लहान. पोरीने गुडघे टेकायचे, पोराने जमिनीवर पालथं पडायचं. एवढं कळायला कंपनी लागत नाही.

"अगं बाई! बाबा, तुम्ही ह्या टायरवाल्याच्या पोराला लोटांगण घातलंत की हो!" बाई झारा वर धरून ओरडली.

रांग खदखदून हसली. पोरगं बिचारं वरमलं, पण फोनला उत्तर दिलंच त्याने: "गेली, बाबा. तुमची?"

त्या दिवसापासून बाबांना गल्लीतून चालवेना. डावीकडून आवाज यायचा, उजवीकडून यायचा. शाळकरी पोरी, लॉटरीवाला, कालपरवा मिसरूड फुटलेले हिरो, सगळ्यांसमोर त्यांचा आवाज आडवा पडलेला. शेवटी ते इरेतीच्या ऑफिसात जाऊन थडकले आणि तिच्या टेबलाभोवती फिरू लागले.

"बाबा, बसा ना."

"बसलो तर बोलता येत नाही. माझा आवाज परत दे."

"अहो, परत कसा देऊ? आणि परदेशातले साहेब म्हणतात, सगळ्या भाषांत फोनच आधी नमस्कार करतो."

"त्यांच्याकडे म्हातारे नसतात?"

"असतात. पण त्यांना वेगळ्या इमारतीत ठेवतात."

बाबांनी टेबलाला आणखी एक फेरी घातली. माहिती नवीन होती.

"मग एवढं कर. माझ्या आवाजाने आधी तोंड उघडायचं नाही. ज्याला गरज असेल त्याने आधी नमस्कार करावा, मग मी बोलेन. नाहीतर माझा आवाज काढून घे आणि ठेवा तो दाढवाला."

"पण बाबा, ज्यांना दिसत नाही, त्यांना फोन चालू आहे की बंद हे कसं..."

"शिस्त लागेल!" बाबा म्हणाले, आणि जिना उतरूनही गेले.

इरेतीने साहेबांना समजावलं. साहेबांना कळलं नाही, पण त्यांनी मान्य केलं. मोठ्या कंपन्या बहुधा अशाच चालतात.

पुढचे काही दिवस बाबा हात पाठीमागे बांधून गल्लीतून फिरले. टायरवाल्याचं पोरगं फोनपुढे मान लववत होतं. लॉटरीवाला तर खिसा चाचपतानाच नमस्कार पुटपुटायचा. अकारावाल्या बाईने बाबांना एक वडा जास्त दिला. जग जागेवर आलं होतं.

फक्त इसेयिनहून सकाळचा फोन येईना.

पहिल्या दिवशी बाबा म्हणाले, झोपली असेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः फोन केला, तो वाजून वाजून बंद पडला. तिसऱ्या दिवशी त्यांच्या येरझारा टेबलाचा रस्ता सोडून अंगणात, अंगणातून रस्त्यावर गेल्या. पुढ्यातला अमाला, कंदाच्या पिठाची उकड, निवून घट्ट झाला.

"दायोचे बाबा," बायको म्हणाली, "इथे चाललात तेवढ्यात इसेयिन आलं असतं. जा."

भाड्याच्या गाडीत मागे चौघांत कोंबून बसले तरी बाबांचे पाय हलतच होते. शेजारणीच्या मांडीवरच्या कोंबडीनेही तक्रार केली.

इया आबेजे ओसरीवर बसली होती. धडधाकट. समोर एक पालथी टोपली होती. बाबांनी एवढा मोठा नि:श्वास सोडला की तो तिला ऐकू गेला. मग ते रीतीप्रमाणे पालथे पडले आणि म्हणाले, "नमस्कार, इया."

इयाने मान दुसरीकडे वळवली. वडीलधाऱ्याने "ऊठ" म्हटल्याशिवाय उठायचं नसतं. बाबा पडून राहिले.

"आला होतास तू," ती म्हणाली. "रोज येत होतास. नमस्कार करायचास, रात्रीची चौकशी करायचास. त्या दिवशी आलास आणि गप्प बसलास. मी वाट पाहिली. दिसत नाही मला, पण गप्प बसलेला माणूस कळतो."

"इया, तो मी नाही. यंत्र आहे ते."

"आवाज कुणाचा?"

"माझा."

"मग? तुला पाठीला बांधून मी शेतं तुडवली. आणि तू माझ्या ओसरीवर येऊन, मीच आधी बोलावं म्हणून अडून बसलास? टोपलीखाली घातलाय तुला. बस तिथे."

बाबांनी पडल्या पडल्या खिशातला फोन काढला. नाकात धूळ जात होती. त्यांनी फोनला आधी नमस्कार केला, स्वतःच्याच आवाजाला, आणि मग इरेतीला लावायला सांगितलं.

"इरेती, पहिल्यासारखं कर ते."

"मोठे बाबा, मग पोरांनाही पुन्हा... म्हणजे, एक करता येईल. फोन प्रत्येकाला वय विचारेल. लहान असेल तर..."

"वय?" इयाला सगळं ऐकू येत होतं. "मला वय विचारणार हा? माझ्या घरात?"

"नको, नको," बाबा घाईने म्हणाले. "इरेती, फोनला कळत नाही का कुणाच्या हातात आहे ते?"

"नाही कळत, बाबा."

बाबांच्या डोळ्यांसमोरून टायरवाल्याचं पोरगं गेलं. लॉटरीवाला गेला. सगळे हिरो एका रांगेत गेले.

"मग सगळ्यांना घाल," ते म्हणाले. "लोटांगण."

"जुनं परत लावायला फार वेळ लागत नाही. थोडं थांबा."

बाबा थांबले. आयुष्यात पहिल्यांदा एका जागी, हातपाय न हलवता, पोटावर. एक कोंबडी येऊन त्यांच्या टोपीकडे बघून गेली. शेजारच्या हातमागाची खटखट चालू होती. इया पंख्याने वारा घेत होती, स्वतःलाच.

मग टोपलीखालचा फोन नव्याने सुरू झाला आणि आवाज आला. अदबीने, जवळजवळ कमरेत वाकून:

"नमस्कार घ्यावा. दिवस सुखाचा जातोय ना आपला?"

इयाने टोपली उचलली. चेहरा सैलावला. "जातोय रे, जातोय. तुझा? घरचे बरे? बायको बरी? दायो बरा?" तिने फोनला सगळं विचारलं, एकेक करून, आणि प्रत्येक प्रश्नाला जमिनीवरून बाबांनी उत्तर दिलं, कारण फोनला त्यातलं काही माहीत नव्हतं.

सगळी चौकशी संपल्यावर ती बाबांच्या दिशेने वळली.

"आणि तू काय लोळतोयस, अकांबी? ऊठ. जेवण निवतंय."