शिकणं संपलं कधी?

शिलाई मशीन दुरुस्तीच्या त्या दुकानात तिला सगळे ‘सुई’ म्हणत. अंगकाठी बारीक हे एक कारण आणि प्रश्न विचारून टोचत राहायची सवय हे दुसरं. मुलं शाळेत जायला लागल्यावर ती इथे शिकाऊ म्हणून लागली. दुकान काकूंचं. काका गेल्यावर त्यांनीच ते नेटानं चालवलं, पण आता मशीन बिघडलं की लोक सरळ नवीनच घेत. शेवटी काकूंनी दुकान बंद करायचं ठरवलं.

दुकानातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना कपातीची, म्हणजे काम गेल्याची, भरपाई मिळणार होती. सुईला काकू म्हणाल्या, “तुझं काय, उमेदवारी संपली एवढंच. शिकाऊ माणसाला भरपाई नसते म्हणतात.”

“कोण म्हणतं?”

“सगळेच म्हणतात.”

“आणि माझी उमेदवारी संपली कधी?”

काकूंनी बोटांवर वर्षं मोजली. ठरली होती दोन वर्षं, आणि आता चौथं चालू होतं. मधे पगार वाढला होता, बाकी काहीच बदललं नव्हतं.

सुईने मिस्त्रींना विचारलं. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. “तू शिवणवर्गाच्या मशीनचं शटल एकटीनं बसवलंस ना, तेव्हा. मी तपासायला उठलो खरा, पण तसाच चहाला गेलो. त्यानंतर तुझं काम पाहिलंच नाही मी.”

घरी नवरा म्हणाला, “काकूंशी भांडू नकोस. अडीनडीला त्याच उभ्या राहिल्यात.”

“भांडतंय कोण? मला फक्त कळायला हवं.”

दुसऱ्या दिवशी तिने काकूंनाच कामगार कार्यालयात चला म्हटलं.

“माझी तक्रार करायला मीच येऊ?”

“तक्रार नाही हो. विचारून येऊ. तुम्हाला तरी कुठे नक्की माहितीये?”

तेही खरंच होतं. काकूंनी दुकानाला कुलूप लावलं.

कार्यालयातल्या बाईंनी दोघींना एकाच बाकावर बसलेलं पाहून विचारलं, “मायलेकी का?”

“मालकीण आणि कामगार,” सुई म्हणाली.

“शिकाऊ,” काकूंनी दुरुस्त केलं.

बाई हसल्या. “म्हणजे घोडं इथेच अडलंय.” सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, “मुदत संपल्यावर ही घरी गेली असती तर भरपाई नव्हती. शिकणं संपलं, विषय संपला. पण तुम्ही हिला कामावर ठेवलंत. तिथून ही कामगार झाली. आता दुकान बंद होतंय म्हणून काम जातंय, तर ही कपातच.”

“आणि शिकली ती वर्षं?” हे काकूंनीच विचारलं.

“मधे खंड नाही ना? मग तीही धरायची.”

जिना उतरताना काकू म्हणाल्या, “मला वाटायचं, मी तुला सांभाळून घेतेय.”

“घेतच होता की. आणि मी काम करत होते.”

काकू मनात हिशेब करत चालू लागल्या. कोपऱ्यावर आल्यावर म्हणाल्या, “दोन हप्त्यांत दिले तर चालतील?”

चालणार होते. दुसरा हप्ता घ्यायला सुई त्यांच्या घरी गेली, तेव्हा काकूंचं स्वतःचं मशीन टाके सोडत होतं. तिने तिथेच बसून ते नीट केलं. काकूंनी मजुरी विचारली, तिने सांगितली, आणि काकूंनी जोरदार घासाघीस केली.