शालूच्या नावाची दुपार

'छाया-पथक' या कॉमिकच्या सातव्या अंकात ज्ञानदा इतकी बुडाली होती, की शाळेच्या बसमधून उतरून ती थेट दुसऱ्याच्याच घरात शिरली. यात तिचा तरी काय दोष? जयपूरच्या मिलिटरी स्टेशनातले सगळे क्वार्टर एका साच्यातले. तोच जाळीचा दरवाजा, तीच सरकारी खुर्ची, पाठीवर पांढऱ्या रंगाने घातलेला नंबर. तिने बूट काढले, खुर्चीत पाय पोटाशी घेतले, पान उलटलं, तेवढ्यात आतून आवाज आला.

"शालू, आलीस? हात धू आधी."

शेजारच्या मेजर शिर्क्यांच्या आई, तारामतीआजी. त्यांचं हल्ली काही लक्षात राहत नाही, हे सगळ्या ब्लॉकला ठाऊक होतं. दुसरी एखादी मुलगी सॉरी म्हणून पळाली असती. पण यंदा वादविवादात पहिली आल्यापासून नववीतली ज्ञानदा कशालाच बिचकत नव्हती. शिवाय तिची लाडकी गुप्तहेर अनामी हेच तर करायची: ज्या नावाने हाक येईल, तो चेहरा घ्यायची. ज्ञानदाने हात धुतले आणि म्हणाली, "आले गं आई."

मग रोजचंच झालं. आजींची सून प्रज्ञाकाकू जवळच्या बस्सी गावातल्या शाळेत शिकवायची, चारशिवाय यायची नाही. आजींना सांभाळणारी बाई मागच्या खोलीत कूलरपुढे घोरत असायची. ज्ञानदा शंकरपाळे खायची, वेणी घालून घ्यायची, आणि शालूला भूगोल आवडत नाही, शालू डावरी आहे, अशा खबरा गोळा करायची. तीही डाव्या हाताने खाऊ लागली. मतलब, मिशन म्हणजे मिशन.

शनिवारी प्रज्ञाकाकू ज्ञानदाच्या आईशी कुंपणापाशी बोलत उभी होती. शालू म्हणजे शालिनी, काकूची नणंद. चौदाव्या वर्षी तापाने गेली, त्याला तीस वर्षं झाली.

ज्ञानदाने ऐकलं. छाया-पथकाला सगळं माफ होतं, खोटं बोलणं, कुलपं फोडणं. फक्त मेलेल्याचं नाव घ्यायचं नाही. सातव्या अंकात प्रमुखाने अनामीला नेमकं तेच करायला सांगितलं होतं. ज्ञानदाला भीती वाटायला हवी होती. पण तिच्या अंगावर आला तो आनंदाचा काटा. अनामीला नुसता हुकूम मिळाला होता; हिचं मिशन चालूही झालं होतं.

सोमवारी ती गेली तेव्हा बाहेर लू, उन्हाळ्यातला तापलेला वारा, सुटली होती आणि आजींनी दाराला आतून कडी लावली होती. तिला घाईघाईने आत घेऊन त्यांनी पुन्हा कडी लावली.

"ती आलीय परत," आजी हळूच म्हणाल्या.

"कोण?"

"आहे एक पोरगी. तू यायला लागलीस तेव्हापासून रोज दाराशी उभी असते. म्हणते, आई, मला आत घे." आजींनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "मी सांगितलं तिला, माझी शालू घरात आहे. तू जा आपल्या घरी."

ज्ञानदाने जाळीकडे पाहिलं. बाहेर पांढरं ऊन, धूळ, रिकामा रस्ता. जाळीला मात्र मधोमध, तिच्या खांद्याच्या उंचीवर, कुणी तळवा टेकून उभं राहावं तसा खळगा पडला होता. डावा तळवा.

"रडते फार," आजी म्हणाल्या. "आज तर म्हणाली, मग मी कुठे जाऊ."

ज्ञानदाने डाव्या हातातलं शंकरपाळं ताटलीत ठेवलं. घर आपल्या घरासारखंच होतं, पण ते आपलं नव्हतं, आणि ही खुर्चीही आपली नव्हती.

"आजी," ती म्हणाली. आई म्हणायला जीभ वळेचना. "मी शालू नाही. मी ज्ञानदा, शेजारची. मी खोटं बोलत होते."

आजींचा चेहरा आधी रिकामा झाला, मग अगदी म्हातारा. रडतील, ओरडतील, असं वाटून ज्ञानदा उठली, तिने कडी काढली आणि दार सताड उघडलं. लू आत आली.

आजी तिच्याकडे नाही, तिच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहत होत्या.

"केवढी वाळलीस गं," त्या म्हणाल्या. "ये. बस."

ज्ञानदा भिंतीला चिकटून उभी राहिली, येणाऱ्याला वाट मिळावी म्हणून.